सगळ्यात हळू तो पुढे

आमच्या सायकलींच्या टोळक्यात नियम एकच आहे, आणि तो मी केलेला असल्यामुळे चांगलाच आहे. सगळ्यात हळू चालवणाऱ्याने सगळ्यांच्या पुढे राहायचं. त्याच्या चाकापुढे कोणी चाक काढायचं नाही, मग उतार असो नाहीतर पाठीवर वारा असो. इतर टोळकी काय करतात ते मी पाहिलेलं आहे. दणकट गडी पुढे पळतात, चढाच्या माथ्यावर चहा पीत थांबतात, आणि मागून कोणी धापा टाकत पोचलं की "चला, निघू या" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी, नेमकी त्यालाच ती नाही. हा कुठला न्याय?

टोळकं म्हणजे तरी केवढं, चार माणसांचं. एक दातांचे डॉक्टर. ताडमाड उंच, आणि लोकांच्या उघड्या तोंडांशी बोलायची सवय झाल्यामुळे प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणारे. दुसरा भट्टी. त्याची बेकरी आहे, रविवारी सकाळी पाव उतरवून तसाच येतो, कानात पीठ असतं. तिसऱ्या माझ्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. पाणीखात्यात होत्या; लोकांच्या तळघरांत उतरून मीटरवरचे आकडे लिहून घ्यायचे, हे तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढून सायकलवर बसवलं. आणि चौथी मी. शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचं माझं काम, म्हणून टोळक्यात माझं नाव मास्तर.

उन्हाळ्यात काय, कोणीही सायकल चालवतं. आम्ही हिवाळ्यात चालवतो. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, नाक गळतंय, बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची ते कळत नाही. दर रविवारी थोडं थोडं अंतर वाढवत न्यायचं आणि हिवाळा संपायच्या आत नदीच्या मुखावरचा लोखंडी पूल गाठायचा. साठ किलोमीटर जायचं, साठ यायचं. नऊ हिवाळे आम्ही तो पूल गाठला आणि त्यातल्या एकदाही मी पुढे नव्हते. पुढे कधी वन्सं असायच्या, कधी झोप न झालेला भट्टी, कधी सर्दीने बेजार झालेले डॉक्टर. मी आपली सगळ्यांच्या मागे, शिट्टी वाजवत. दुसऱ्याला सांभाळून घेण्यात एक मजा असते, ती मी पोटभर घेतली होती.

मग यंदा पानगळ सुरू झाली आणि माझ्या उजव्या फुप्फुसात पाणी झालं. तीन आठवडे इस्पितळात काढले. परत कामावर गेले तर माझं बारा मीटर लांबीचं टेबल जाग्यावर नव्हतं. त्या जागी एक यंत्र होतं. संगणक त्याला बेत सांगतो आणि ते साठ थर एका दमात कापतं. खडू नको, पट्टी नको, मास्तर नको. साहेब चांगला माणूस आहे, त्याने मला कॉलरचे सुटे दोरे तपासायला बसवलं, तेही अर्धा दिवस. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "या हिवाळ्यात पूल गाठता आला नाही, तर सायकल देऊन टाकायची. गॅलरीत ठेवून तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे नाहीत मला."

नवरा टपालखात्यात पत्रं लावतो. रविवारी तो आणि त्याची गादी यांच्यामध्ये कोणी आलेलं त्याला खपत नाही. तो म्हणाला, "आणि गाठलास तर?"

"गाठला तर मी अजून मीच आहे," मी म्हटलं. मला रडू आलं, आणि त्याने ते न पाहिल्यासारखं केलं.

छातीच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हळू जायच्या बोलीवर. आम्ही बेत बदलला. पुलापर्यंत सायकलने जायचं आणि येताना सायकली रेल्वेत टाकायच्या. नुसतं जाणं, साठ किलोमीटर. तेवढं जमलं की जिंकले.

पहिल्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी आम्ही जमलो. तिघंही एक पाय जमिनीवर टेकून उभे राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की ते मी पुढे जायची वाट बघताहेत. गेले. दुसरं काय करणार, नियम माझाच.

पुढे राहिल्यावर काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं. पाठीमागे असणाऱ्याला डोळे असतात, पुढच्याला नुसते कान. आणि कानांना ऐकू येते टिकटिक. सायकलवर पायडल मारायचं थांबवलं की मागचं चाक टिकटिकतं. मी छाती फुटेस्तोवर पाय मारत होते आणि मागे तीन चाकं निवांत टिकटिकत होती, कारण माझ्या वेगाने यायला त्यांना पाय हलवायचीही गरज नव्हती. त्या टिकटिकीचा मला इतका राग आला की पंचवीस किलोमीटर मी दात खाऊन काढले. नऊ वर्षं मी शिट्टी वाजवत होते, तेव्हा पुढच्यांना काय ऐकू येत असेल, हा विचार घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडल्यावर आला.

पुढच्या रविवारी बेत चाळीस किलोमीटरचा होता. वाटेवरच्या एका स्टेशनापर्यंत जायचं आणि एकची गाडी पकडायची. पाच किलोमीटर गेलो असू, डॉक्टर मागून ओरडले, "मास्तर, माझा गुडघा धरलाय. मीच आज सगळ्यात हळू." आणि नियमाप्रमाणे ते पुढे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळाने भट्टीचा आवाज. "डॉक्टर, तुम्ही फार पळताय. माझा तर डोळाच लागतोय. मी पुढे होतो." तो पुढे झाला आणि इतका हळू चालवू लागला की तोल जायची वेळ आली. त्यावर डॉक्टरांचा गुडघा जास्तच दुखायला लागला. मग वन्सं मागे पडल्या, एका साध्या चढावर उतरून चालू लागल्या, तेव्हा त्यांना पुढे घेतलं. मग पुन्हा भट्टी. आजवर पुढे राहायला कोणी राजी नसायचं आणि त्या दिवशी नुसती चढाओढ लागली होती. तीन पोक्त माणसं, आणि शर्यत कशाची, तर कोण जास्त हळू! फूटपाथवरून बाबागाडी ढकलत एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. गाडीतलं बाळ वळून आमच्याकडे बघत राहिलं.

एकची गाडी अर्थातच गेली. पुढची तीनला. रविवार म्हणून विश्रांतीगृहाला कुलूप. फलाटावरच्या लोखंडी बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो, वारा हाडात शिरत होता, आणि मग माझं टाळकं सरकलं.

"गुडघा कुठला धरलाय, डॉक्टर? सकाळी उजवा होता, मगाशी डावा चोळत होतात."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. भट्टी म्हणाला, "मास्तर, रागावू नका. मला वाटलं, तुम्हाला पुढे राहून बरं वाटत नसेल."

"तुम्हालाही तेच वाटलं?" डॉक्टरांनी त्याला विचारलं, आणि या वेळी उत्तराची वाटही बघितली.

म्हणजे कट वगैरे काही नव्हता. एकमेकांना न सांगता दोघांनी आपापल्या घरी ठरवलं होतं की आज मास्तरला पुढे राहू द्यायचं नाही. माया होती ती, आज मला कळतं. त्या बाकावर ती मला मायेसारखी वाटली नाही. माझी कीव करतात हे लोक, एवढंच मला दिसलं. "लहान मूल समजता का मला?" मी ओरडले. "नियम म्हणजे नियम! माझी पायरी मला कळते!" आणि मग मी वन्संकडे वळले. त्या गप्प बसल्या होत्या म्हणून असेल, नाहीतर घरच्या माणसावर तोंड टाकणं सोपं असतं म्हणून असेल. "आणि वन्सं, तुम्ही तर कडी केलीत. चढावर उतरून लंगडत काय चालत होतात! अभिनय कुठे शिकलात एवढा?"

वन्सं रुळांकडे बघत म्हणाल्या, "चुकलं बाई माझं."

बुधवारी मी त्यांचं पातेलं परत द्यायला वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि पायात मोजा घालत होत्या. हाताने नाही. छत्री उलटी धरून, तिच्या मुठीच्या आकड्यात मोजा अडकवून, तो पावलापर्यंत न्यायचा प्रयत्न चालला होता. मोजा पडला. त्यांनी तो आकड्याने उचलला, पुन्हा लावला, पुन्हा नेला. तोंडाने काही पुटपुटत होत्या. मी पातेलं उंबऱ्याशी ठेवलं आणि चोरासारखी खाली आले.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला धरलं. तो आधी घास चघळत बसला, मग म्हणाला, "ताईचा खुबा झिजलाय. थंडी सरली की शस्त्रक्रिया करायची आहे."

"आणि मला हे कोणी का सांगितलं नाही?"

"तिने शपथ घातली होती. ती म्हणाली, मी थांबले तर तुझी बायकोही थांबेल. आधीच तिचं काम गेलंय, आता हेही जायला नको." त्याने पाण्याचा पेला उचलला. "तू फलाटावर काय बोललीस ते तिने मला सांगितलेलं नाही. भट्टीने सांगितलं."

मला माझी लाज वाटली. असा राग मला स्वतःचा क्वचितच आला असेल. आता शहाणं माणूस काय करतं? उठतं, जिना चढतं आणि माफी मागतं. मला माफी मागता येत नाही. मी गाजरांचं सूप करून नवऱ्याच्या हाती वर पाठवलं. रिकामं भांडं धुऊन परत आलं, आणि निरोप आला की रविवारी पुलाला जायचं, साडेसातला तयार आहे.

मग मी मनाशी एक बेत केला. वन्संना थांबा म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत. तेव्हा मीच वाटेत दम लागल्याचं सोंग करायचं, बेत मोडायचा आणि त्यांना घरी आणायचं. पूल नाही तर नाही. सायकलला गिऱ्हाईक मिळेल. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मी डॉक्टर आणि भट्टीला फाडून खाल्लं, तोच करायला मी निघाले होते, आणि मला त्यात काही वावगंही दिसत नव्हतं.

रविवारी सायकलच्या खोगिरावर दव गोठून पांढरं झालं होतं. डॉक्टर आणि भट्टीला मी सांगितलं, "तुम्ही आपल्या वेगाने जा आणि पुलावर थांबा. आज नियम बंद." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुटल्यासारखे पळाले. राहिलो आम्ही दोघी. वन्सं पुढे, मी मागे. रस्त्याच्या कडेची डबकी गोठली होती, दूरवर धुकं, कारखान्यांची बंद फाटकं, मग नुसती शेतं. वन्सं डाव्या पायाने जोर लावत होत्या, उजवा नुसता बरोबर फिरत होता. इतके रविवार मी त्यांच्या मागे होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

पंचवीस किलोमीटरवर बंधाऱ्याकडचा चढ लागतो. तिथे एक बसथांबा आहे, तीन बाजूंनी काच आणि आत एक बाक. मी छाती धरली, मोठमोठ्याने धापा टाकल्या आणि म्हटलं, "वन्सं, माझ्याच्याने नाही होत आता. परत फिरू या का?"

वन्संनी सायकल काचेला टेकवली आणि हळूच, कडेकडेने बाकावर बसल्या. "खोटं," त्या म्हणाल्या.

"काय खोटं?"

"तुला खरा दम लागतो तेव्हा तू बोलत नाहीस. तेवढाच वेळ शांतता असते."

मी त्यांच्या शेजारी बसले. आता सुटका नव्हती. "तुमच्या खुब्याचं मला कळलंय," मी म्हटलं. "मी फलाटावर बोलले ते वाईट बोलले. मला क्षमा करा." शब्द तोंडातून खडे पडावेत तसे पडले, पण पडले.

"सूप पोचलं होतं," वन्सं म्हणाल्या. "मीठ जास्त होतं." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हातमोज्यातूनही हात गार लागत होता. "तुला एक सांगू का? रागावायचं नाही."

"सांगा."

"मला सायकल मुळीच आवडत नाही."

मला आधी कळेचना. "या हिवाळ्यात ना? दुखतंय म्हणून?"

"पहिल्यापासून. खोगीर टोचतं, वारा कानात जातो, आणि तो पूल तर मला एकदाही बरा दिसला नाही. गंजलेला तर आहे."

"नऊ वर्षं, वन्सं! मग येत कशाला होतात?"

"हे गेले त्या हिवाळ्यात तू दर रविवारी माझं दार ठोठावायचीस. मला वाटलं, या पोरीला बरोबर यायला कोणी नाही. माझा भाऊ तर गादी सोडत नाही. म्हटलं, जाऊ या, एवढं म्हणते तर."

"आणि मला वाटलं, तुम्ही घरात बसून बसून संपाल! तुमच्यासाठी ठोठावत होते मी!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि असं हसू फुटलं की थांब्यावर आलेला एक म्हातारा दोन पावलं मागे सरकला. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचं होतं की कशाचं ते विचारलं नाही. माझ्याही आलं. आणि या वेळी मला खरा दम लागला, मी दोन मिनिटं बोललेच नाही.

मग वन्संनी डोळे पुसले आणि वेळापत्रकाकडे पाहिलं. "वीस मिनिटांनी बस आहे. पुलापर्यंत जाते. मागच्या जाळीवर सायकल चढवतात. मी बसने जाते, तू सायकलने ये."

"मीही बसने येते. तुम्हाला एकटीला कशी सोडू?"

वन्सं क्वचित रागावतात. त्या रागावल्या. "माझ्या नावावर ढकलू नकोस हं. पाणीखात्यात होते मी, बसमध्ये बसता येतं मला. तुला जमत नसेल तर तसं सांग, भीती वाटत असेल तर तसं सांग. पण माझ्यामुळे राहिलं असं म्हणायचं नाही. ते मी आयुष्यभर ऐकायचं का?"

त्या बरोबर बोलल्या होत्या, म्हणून मला लागलं. भीती वाटत होती. मागे कोणी असलं तर हळू असण्याला निदान एक नाव होतं, नियम होता. एकटीने जायचं तर पुढे कोण आणि मागे कोण? अर्ध्या वाटेत श्वास संपला तर रस्त्यावर मी आणि माझं फुप्फुस, एवढेच. "भीती वाटते," मी म्हटलं.

"मग हळू ये," वन्सं म्हणाल्या.

ड्रायव्हरने उतरून सायकल जाळीवर चढवली. बस बंधाऱ्यावरून वळेपर्यंत मी उभी राहिले आणि मग निघाले. चढावर उतरले आणि सायकल ढकलत चालले. कोणी बघत नव्हतं, टिकटिक नव्हती. माथ्यावर थांबून मी पन्नास आकडे मोजले, श्वास जाग्यावर आला, पुन्हा बसले. बंधाऱ्यावर समोरून वारा होता. दर पाच किलोमीटरला थांबायचं ठरवलं आणि चारलाच थांबले, काही बिघडलं नाही. एक केळं खाल्लं, ते गारठून दगड झालं होतं. पाण्यावर धुकं विरळ होत होतं आणि एका क्षणी माझ्या ध्यानात आलं की मी शिट्टी वाजवतेय. धड वाजत नव्हती, हवाच जास्त जात होती. पण कोणाला सांभाळून घेण्यासाठी नव्हती ती. मला ही सायकल आवडते. नऊ वर्षं वन्संच्या नावाखाली मी हे स्वतःला कधी सांगितलंच नव्हतं.

पूल दिसला तेव्हा दोन वाजून गेले होते. खरंच गंजलेला आहे. डॉक्टर आणि भट्टी नाचल्यासारखे पाय आपटत उभे होते, ओठ निळे. वन्सं तिथल्या स्टेशनाच्या तिकीटघराच्या पायरीवर भट्टीचं जाकीट पांघरून बसल्या होत्या. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, मी वाजवू दिल्या नसत्या. डॉक्टरांनी माझी सायकल हातातून घेतली आणि विचारलं, "कसं वाटतंय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत चहा आणायला निघून गेले.

मी वन्संच्या शेजारी बसले.

"पुढच्या रविवारी मी झोपणार आहे," वन्सं म्हणाल्या. "पांघरूण डोक्यावरून घेऊन."

"झोपा."

"आणि तू?"

"मी जाणार. या दोघांबरोबर नाही, हे पळतात. एकटीच जाईन. हळू."

त्यांनी मान हलवली. नदीवरून वारा आला तसं जाकिटाचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "परत किती वाजता येशील?"

नऊ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. नवरा विचारत नसे, कारण ताई बरोबर आहे म्हणून तो निर्धास्त असे. आणि वन्सं विचारत नसत, कारण त्या बरोबर असत.

"तीनपर्यंत," मी म्हटलं.

"म्हणजे चार," वन्सं म्हणाल्या. "चारला ताटं वाढते."